दोन बोटं पाणी

१४ मार्च

दादा,

वर 'प्रिय' लिहून खोडलंय, ते दिसेलच. नवा कागद घ्यायचा कंटाळा केला असं समज.

पत्र का, तर फोनवर तू मिळतोस कुठे? मिळालास तरी मागून कुणीतरी तुला हाक मारतं आणि तू म्हणतोस, "बोल बोल, पटकन बोल." पटकन बोलण्यासारखं असतं तर बोललेच असते. बाबांच्या शेवटच्या आठवड्यातही तू "पटकन सांग" म्हणाला होतास. मी पटकन सांगितलं आणि तू आला नाहीस. हा विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसले होते. निघाला.

बातमी अशी की मला नोकरी लागली. इमारतींची हवा, पाणी, वीज आणि सांडपाणी यांची आखणी करणारी कंपनी आहे. मी या शिक्षणाला प्रवेश घेतला तेव्हा जेवणाच्या टेबलावर तू काय म्हणाला होतास, आठवतं? "माणसाच्या आतड्यांचं आम्ही बघतो, इमारतीच्या आतड्यांचं तू बघ." सगळे हसले, आई सगळ्यांत जास्त. पुढे तू हाडांचा डॉक्टर झालास. आतडी एकट्या माझ्याच वाट्याला आली.

काम छान आहे. माझं टेबल खिडकीशी आहे. साहेब हुशार आहेत आणि समजावून सांगतात. घरापासून लांब आहे, म्हणून इथेच खोली घेतलीय. सुट्टीला घरी जाते.

आता आईचं. ती म्हणते, तुझ्या खोलीत घाण वास येतो. खोली तू गेल्यापासून तशीच आहे. ती धूळ पुसते, चादर बदलते, दार लावून घेते. आतली बाथरूम कुणी वापरत नाही. "काहीतरी मेल्यासारखा वास येतो गं," म्हणते. "धुतलं की जातो. थोड्या दिवसांनी परत येतो." मागच्या वेळी गेले तेव्हा मुद्दाम आत जाऊन उभी राहिले. मला काही आला नाही. मी येणार म्हणून तिने सगळं घर धुऊन काढलं होतं, फिनेलचा तेवढा आला.

तू डॉक्टर आहेस म्हणून विचारते. काळजी करण्यासारखं आहे का?


५ मे

दादा,

तुझं उत्तर पोचलं. चारच ओळी, पण त्यांचं काम बघ किती मोठं. 'नसलेले वास येणं हे मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतं. येतो-जातो म्हणते, हे तर अगदी नमुनेदार.' 'नमुनेदार'खाली रेघसुद्धा मारलीयस. हाडांच्या डॉक्टराने इतक्या लांबून, नाडीला हात न लावता मेंदूचं निदान केलं. आणि आम्ही ते मानलं, कारण घरात डॉक्टर तू एकटाच.

तू मामाला फोन केलास तेही कळलं. आईचा धाकटा भाऊ, त्यात भाचा डॉक्टर, मग काय. उडत गेला तिच्याकडे. ती म्हणाली, "बरं झालं आलास, तूच आत ये आणि वास घेऊन बघ." पण आई ती आईच. त्याला दाखवायच्या आधी बादलीभर पाणी टाकून तिने बाथरूम घासून काढली. पाहुण्याला घाण मोरी कशी दाखवायची? मामा दारात उभा राहिला, चिमूटभर तपकीर नाकात कोंबली आणि म्हणाला, "ताई, काही नाहीये." त्या नाकाला स्मशानातसुद्धा काही आलं नसतं, पण साक्ष त्याचीच धरली गेली.

आता तिला तुझ्या सांगण्यावरून गोळ्या सुरू झाल्यात. दुपारभर झोपते. फोनवर मध्येच थांबते आणि विचारते, "मी काय सांगत होते?" मामा म्हणतो, बघ, आजार वाढतोय. मी म्हटलं, गोळ्यांनी असेल. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" नाही. मी आतडीवाली.

मागच्या पत्रात काम छान आहे असं लिहिलं होतं, ते खोटं. टेबल खिडकीशी नाही, छपाईच्या यंत्राशी आहे. साहेब हुशार आहेत एवढं खरं. माझ्या पहिल्याच आराखड्यात मी वरच्या मजल्यावरच्या संडासांचा पाइप खाली विजेच्या खोलीच्या छतातून नेला. कागदावर तो इतका सरळ आणि देखणा दिसत होता की मी खूश होते. पण पाइप आज ना उद्या गळणार आणि खाली पूर्ण इमारतीची वीज. साहेबांनी तो कागद चहाच्या यंत्रावर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'प्रेक्षणीय स्थळ'. आता चहा घ्यायला येणारा प्रत्येक जण बघतो. ऑफिसात माझं नाव धबधबा पडलंय.

आपल्या धंद्याचा एक नियम साहेबांनी त्या दिवशी सांगितला. सगळं नीट चाललं तर आपण कुणाला आठवत नाही. बिघडलं की आपलंच नाव निघतं. मला आईची आठवण झाली.


९ जुलै

दादा,

झालं तुझ्या मनासारखं. आई वृद्धाश्रमात आहे.

तू मामाला सांगितलंस, मामाने जागा बघितली, कागद तुझ्या सहीने झाले आणि मला कळवण्यात आलं. एकटी राहणं तिला धोक्याचं आहे, तिथे चोवीस तास नर्स असते, हे सगळं मामाने मला तुझ्या आवाजात ऐकवलं. त्याच दिवशी मी काम केलेल्या पहिल्या इमारतीचा ताबा द्यायचा होता. साहेब म्हणाले, "रजा हवी असेल तर घ्या. परत येऊ नका." मी अर्धा दिवस गेले.

ती शहाण्या मुलीसारखी तयार होऊन बसली होती. पिशवीत दोन गाऊन, चष्मा, बाबांचा फोटो. मामा घाई करत होता. निघताना तिने तुझ्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "महिन्याने चादर बदलत जा. कधी आला अचानक तर?" मी किल्ली घेतली. तू अचानक येणारा माणूस नाहीस, हे तिला सांगितलं नाही. तू ठरवूनही येत नाहीस.

फाटकापाशी ती थांबली. मामा पुढे गेला होता. हळूच विचारलं, "तुला खरंच नाही आला गं तो वास?"

"नाही आई."

"हं. मग नसेलच." आणि चालायला लागली.

घर बंद आहे. खोलीला कुलूप आहे. तुला बरं वाटत असेल.


२ सप्टेंबर

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

ज्या इमारतीपायी मला रजा मिळाली नव्हती, तिथून गेल्या आठवड्यात बोंब आली. वरच्या मजल्यांवरच्या रिकाम्या घरांत भयंकर वास. घरं विकली गेलीत, पण राहायला अजून कुणी आलेलं नाही. बिल्डर तोंडाला रुमाल बांधून साहेबांवर ओरडत होता, "तुमच्या मुलीने काय करून ठेवलंय? पाइपात उंदीर मेलेत!" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपली नोकरी. पुन्हा एक धबधबा.

मी सगळे आराखडे काढून बसले. उतार बरोबर, जोड बरोबर, वर हवेला वाट आहे. काहीच सापडेना. साहेब शेवटी वैतागून म्हणाले, "धबधबा, एक बादली घे आणि प्रत्येक बाथरूमच्या जाळीत पाणी ओतत सूट."

तुला समजेल असं सांगते. मोरीच्या जाळीखाली पाइपला एक वाकण असतं. त्यात कायम दोन बोटं पाणी साठून राहतं. ते पाणी हेच बूच. खालच्या गटाराची हवा त्याने अडते. बाथरूम वापरात असेल तर ते आपोआप भरलेलं राहतं, कुणाला माहीतही नसतं. पण महिना दीड महिना कुणी पाणीच टाकलं नाही, त्यात उन्हाळा असला, तर ते सुकतं. आणि मग गटाराला घरात यायला दार मोकळं. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं, गुणही मिळाले होते.

चौथ्या की पाचव्या घरात मी जाळीत पाणी ओतलं. गुडगुड करून ते खाली जाऊन बसलं. आणि माझ्या कानात आई बोलली. "धुतलं की जातो. थोड्या दिवसांनी परत येतो."

दादा, मी बादली खाली ठेवली आणि एकेक गोष्ट जुळवत गेले.

ती रोज खोलीत जायची, पण बाथरूममध्ये पाणी टाकायची नाही, कारण वापरणारा गेला होता. वास यायचा. मग कुणी यायचं असलं, मी किंवा मामा, की आधी धुऊन काढायची. धुतलं की वाकणात पाणी भरायचं आणि वास बंद. आम्ही येऊन नाकं वर करून म्हणायचो, काही नाही. तिने प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा धुतला, तोही आम्हाला घाण दिसू नये म्हणून. आणि आपण तिला वेडी ठरवलं.

त्याच संध्याकाळी बस पकडून घरी गेले. कुलूप काढून तुझ्या खोलीचं दार उघडलं आणि ओकारी आली. काहीतरी मेल्यासारखा वास, अगदी तिचेच शब्द. ओढणी नाकाला लावून आत गेले, जाळीत एक तांब्या पाणी ओतलं, कमोडमध्ये एक, बेसिनमध्ये एक. खिडकी उघडली. सकाळी खोलीत कसलाही वास नव्हता.

एवढाच तिचा आजार. तीन तांबे.

तिथून थेट वृद्धाश्रमात गेले. सगळं सांगितलं, कागदावर वाकण काढून दाखवलं. तिने चष्मा लावून चित्र नीट बघितलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर मला दोन शिव्या तरी देईल. ती म्हणाली, "दादाला विचारलंस? तो काय म्हणतो?"

मी म्हटलं, चल घरी. तर म्हणे, "तो म्हणाला तर येते."

तिथला डॉक्टरही म्हणतो, तिच्या मुलाचं पत्र आणा, गोळ्या त्याच्याच सांगण्यावरून चालू आहेत. मामा म्हणतो, भाचा सांगेल तसं. तुझ्या एका शब्दावर ती आत गेली, तुझ्या एका शब्दाशिवाय बाहेर येत नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे. माफी नको, येणं नको. एका कागदावर लिही, 'आई, वास खरा होता. तुझं नाक बरोबर होतं.' खाली सही कर.


२१ सप्टेंबर

दादा,

'एका वासाने निदान बदलत नाही. वय झालंय. तिथे सुरक्षित आहे ना? मग झालं तर. तू उगाच भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस.'

हे तू लिहिलंस. मी नुसतं उतरवून काढलं, म्हणजे तुलाही एकदा वाचायला मिळेल.

मी तुझ्याकडे निदान मागितलंच नव्हतं. मागितलं होतं ते एक वाक्य. माझा पाइप विजेच्या खोलीवरून गेला, तर तो आराखडा चहाच्या यंत्रावर लागला आणि अख्ख्या ऑफिसाने वाचला. मला लाज वाटली, मी तो सरळ केला, विषय संपला. तुझ्या चुका कुठे लावतात रे?

आईने आजही विचारलं, पत्र आलं का. मी म्हटलं, टपाल हल्ली फार उशिरा येतं.


१३ ऑक्टोबर

दादा,

मामाने फोनवर सांगितलंच असेल. आई वाचली. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय, छातीत धूर गेलाय, पण वाचली.

तिच्या खोलीत, पलंगाच्या मागे, पंख्याचं बटण होतं. आतली तार सैल झाली होती. मी स्वतः तो जळका बोर्ड उघडून बघितला. आता असल्या गोष्टी बघणं हाच माझा धंदा आहे. सैल तार एकदम पेट घेत नाही. आधी तापते, मग प्लास्टिक हळूहळू वितळतं आणि त्याचा उग्र वास सुटतो. नाक असलेल्या कुणालाही कळावा इतका. सकाळपासून सुटला असणार. दुपारी पडद्याने पेट घेतला. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी आरडाओरडा केला म्हणून माणसं धावली. आई तोवर पलंगावर बसून होती. शेवटी तिने हाताने पडदा ओढून विझवायचा प्रयत्न केला.

दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी विचारलं, "आई, वास नव्हता का आला?"

"आला की. सकाळीच आला. काहीतरी जळल्यासारखा."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाली, "मला भास होतात ना गं. उगाच कशाला लोकांना त्रास? पुन्हा दादाला कळवतील, पुन्हा गोळी वाढवतील."

तिला मी सांगितलं होतं की वास खरा होता. चित्र काढून सांगितलं होतं. पण ती तुझ्या कागदाची वाट बघत होती, आणि तो येईपर्यंत तिच्या नाकावर तिचा विश्वास नव्हता. एक वाक्य होतं, दादा. पाकिटाला लागतं तेवढं तिकीट तरी मी पाठवलं असतं.

माझा तुझ्यावर राग आहे, असा आहे की तुझं नाव घेताना दात आवळले जातात. हे फोनवर पटकन सांगता आलं नसतं.


२८ नोव्हेंबर

दादा,

आई घरी आहे. तुला विचारलं नाही, मामालाही विचारलं नाही. दवाखान्यातून गाडी सरळ घरी आणली. ती वाटेत दोनदा म्हणाली, "दादा रागवेल." मी म्हटलं, रागवू दे, तेवढ्यासाठी तरी फोन करेल.

साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला घराजवळचं काम द्या, कसलंही. ते म्हणाले, "तक्रारींचा विभाग आहे. जुन्या इमारतींतली गळकी छतं, तुंबलेले पाइप, लोकांच्या शिव्या. कुणालाच नको असतो." मी घेतला. तिथले सगळे म्हणतात, माझी कारकीर्द सुरू व्हायच्या आधीच संपली. असेल. पण हल्ली कुणी बाई दारात उभी राहून म्हणाली की "इथे काहीतरी वास येतो हो, घरात कुणी मानत नाही," तर मी तिला आधी खुर्ची देते. आणि सांगते, मी येईपर्यंत काही धुऊ नका.

नव्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या गोळ्या बंद केल्या. आता ती दुपारी झोपत नाही. काय सांगत होते हे विसरत नाही. मला स्वयंपाकातल्या चुका दाखवते. फक्त कशालाही वास येतो असं म्हणत नाही. परवा दूध करपलं, तिच्या समोर. ती गप्प. मी आतून धावत आले.

तुझं पत्र तिला आलं. येतोय म्हणे पुढच्या महिन्यात. 'माझी खोली नीट करून ठेव.' ते पत्र ती उशीखाली ठेवते. ज्या वाक्यासाठी मी तुझे पाय धरले ते त्यात नाही, हे तिने बघितलंच नाही. तारखेवरच खूश आहे.

आता खरं सांगते. तुझं पत्र वाचल्या दिवसापासून मी तुझ्या बाथरूममध्ये पाणी टाकणं बंद केलं. मुद्दाम. किल्ली माझ्याकडे ठेवली आणि ठरवलं, सुकू दे. तू दार उघडशील, तो वास तुझ्या नाकात जाईल, तुझ्या इस्तरीच्या शर्टाला लागेल. मग मी तुला तिथेच, त्या मोरीत, आईसमोर उभं करून विचारीन, "आला का रे?" माझ्या सगळ्या पत्रांनी जे झालं नाही ते त्या वासाने झालं असतं. मी दिवस मोजत होते.

आज सकाळी, वास सुटला का बघायला दार उघडलं. काहीच नाही. जाळी उचलून बोट घातलं. ओलं. पाणी काठोकाठ.

आई मागे उभी होती. डाव्या हातात तांब्या, उजवा हात अजून पट्टीत. दुसरी किल्ली तिच्याकडे होती, आधीपासून. रोज मी कामाला गेले की ती तांब्याभर पाणी टाकत होती.

मी म्हटलं, "आई, का? एकदा येऊ दे ना त्याला वास. एकदा तरी."

ती म्हणाली, "नको गं. खरा होता हे कळलं तर फार लागेल त्याला."

म्हणजे तिला ठाऊक आहे. तुझ्या वाक्याशिवायच तिने स्वतःशी ठरवलंय की नाक बरोबर होतं. ते फक्त तुझ्यापासून लपवायचं आहे. मी तिच्या हातातून तांब्या घेतला नाही. मला घेता आला नाही.

तेव्हा ये. खोली पुसलेली असेल, चादर धुतलेली असेल. तू दार उघडशील, मोठा श्वास घेशील आणि तुला कसलाही वास येणार नाही. मामासारखंच म्हणशील, "बघ आई, काही नाहीये."

आई 'हो' म्हणेल.